तुलनेसाठी निरोगी

अकरा वर्षं मी नॉर्मल होते. हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी तसं छापलेलं असायचं: 'निरोगी व्यक्तीच्या तुलनेत.' ती निरोगी व्यक्ती म्हणजे मी.

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे. दोन फ्रीज, एक दिवसभर घुरघुरणारी थंड पेटी, एक मशीन आणि न उघडणारी खिडकी. माणसं तीन. सर, मी आणि साफसफाई करणाऱ्या मावशी. मावशी एकसष्ट वर्षांच्या, सर निवृत्तीला टेकलेले आणि मी बेचाळीसची. आमचं काम एकच. रक्तातल्या पेशींमधल्या धाग्यांची, म्हणजे गुणसूत्रांची, टोकं मोजायची.

पाहुणे आले की सर त्यांना बुटाच्या नाडीच्या टोकाला असतं तसलं प्लास्टिक वगैरे सांगतात. मला ते कधी पटलं नाही. माझी आई शिवणकाम करते, त्यामुळे मला ते कापडातच समजतं. कापड बेतताना कडेला थोडं जास्तीचं सोडतात, त्याला शिवणारे माया म्हणतात. मग ती कड आत दुमडून टाके घालतात, म्हणजे दोरे सुटत नाहीत. पेशीसुद्धा हेच करते. धाग्यावर शरीराची माहिती लिहिलेली असते, पण टोकाशी काहीही लिहिलेलं नाही असा लांबच लांब भाग असतो. पेशी ते टोक वळवते, आत खोचते आणि त्यावर प्रथिनांचा पहारा बसवते. कारण पेशीला फाटक्या धाग्याची जाम भीती. उघडं टोक दिसलं की तिला वाटतं धागा तुटला. मग ती भलतीच टोकं एकमेकांना जोडून बसते, नाहीतर काम बंद करून गप्प राहते. एका पेशीच्या दोन होताना दर वेळी माया थोडी कातरली जाते. वय वाढत जातं, कड आखूड होत जाते, आणि एक दिवस दुमडायलाच काही उरत नाही. म्हातारपण म्हणतात त्यातलं बरंचसं हेच.

हाडांच्या मगजात रोज नवं रक्त तयार होतं, तिथे ही कड पुन्हा वाढवून देणारी एक सोय असते. काही घराण्यांत ती सोयच कमजोर असते. त्यांचं रक्त लवकर आटतं, फुप्फुसं कडक होतात, केस विशी-पंचविशीतच पांढरे होतात. अशी माणसं शोधायची म्हणून ही खोली काढली होती.

शोधायचं तर मोजमाप हवं. नियम असा की प्रत्येक वयोगटातली वीस धडधाकट माणसं घ्यायची आणि त्यांच्याशी रोग्याचं रक्त ताडून पाहायचं. मशीन आलं तेव्हा सरांना घाई होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू एकतीसची. कधी रजा नाही, साधी सर्दी नाही. घे तुझंच. बाकीच्यांचं नंतर बघू."

ते 'नंतर' अकरा वर्षं आलं नाही. माझं रक्त काढायचं, छोट्या छोट्या कुप्यांत भरायचं, झाकणावर 'नॉ' लिहायचं आणि गोठवायचं. संपलं की पुन्हा काढायचं. रोग्याचं माझ्यापेक्षा बरंच कमी आलं तर 'आखूड', नाहीतर 'सामान्य'; किती जास्त आलं ते कुणी बघत नसे. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू? घरी येऊन धाकट्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू आणि नॉर्मल? त्या मशीनची आधी तब्येत बघा." तेव्हापासून तो मला फोनवर 'काय नॉर्मलताई' अशीच हाक मारायचा.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. बाहेर ती आजवर कुणी सांगितलेली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात एक टवका उडालेला वाडगा घ्यायची, त्यात काळा रंग कालवायची आणि आम्हाला एकेक करून स्टुलावर बसवायची. आधी बाबा. पंचविशीत त्यांचं डोकं कापसासारखं झालं होतं. मग मी, एकोणिसाव्या वर्षापासून. मग धाकटा. त्याची तर शाळा संपायच्या आधीच सुरुवात झाली. गळ्याभोवती जुना टॉवेल, हातात जुना टूथब्रश. रंग कानामागे ओघळला की तिथे डाग पडायचा. आई तो साबणानं कातडी लाल होईस्तोवर घासायची, पण दोन-तीन दिवस तो पुसट दिसायचाच. "विचारलं तर शाई सांडली म्हणायचं," ती दटावायची. स्थळं येतील, लोक नावं ठेवतील, नोकरीत म्हातारे समजतील, तिच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. आमच्या घरात कुणाचे केस पिकत नाहीत, हे आम्ही इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे आम्हालाच ते खरं वाटू लागलं.

बाबा त्रेपन्नाव्या वर्षी धाप लागून गेले. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. आईनं मनाशी ठरवून टाकलं की तिच्या शिलाई मशीनच्या कापडाची बारीक धूळ त्यांच्या छातीत गेली. त्यानंतर ती गॅलरीत बसून शिवायला लागली, थंडीतसुद्धा.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं कामच ते. तुम्हाला कळलं कसं नाही? रोग्यांकडून आम्ही जो फॉर्म भरून घेतो त्यावर प्रश्नच आहे: 'कुटुंबात अकाली केस पिकतात का?' तो प्रश्न मी शेकडो वेळा वाचला होता. आमचा वाडगा दर वेळी डोळ्यांसमोर यायचा. मग मी फ्रीजमधल्या कुपीकडे बघायचे. मी 'नॉ' होते. माझी कड आखूड असती तर मी नॉर्मल कशी असते? म्हणजे आमचे केस हे नुसते केसच. इतकं साधं होतं ते. स्वतःच्या फूटपट्टीनं स्वतःलाच मोजत होते आणि दर वेळी पूर्ण भरत होते.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. छत्तीस वर्षांचा, दणकट, गाणी म्हणत शाफ्टमध्ये उतरणारा. वसंत ऋतूत त्याच्या दंडांवर निळे डाग दिसायला लागले. तो म्हणाला, लोखंडाला घासतंय. मग दात घासताना रक्त थांबेना. रक्त तपासलं तर सगळंच खाली आलेलं, लाल, पांढरं, सगळं. त्याच्या हाडांतला मगज सुकत चालला होता.

रक्ताच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या, पण सांगताना एकेक शब्द सावकाश सांगायच्या. धाकटा, त्याची बायको आणि मी, तिघं समोर बसलो होतो. "बहिणीचा मगज जुळतोय, हे नशीब," त्या म्हणाल्या. "पण आधी धाग्यांची टोकं मोजा. ती आखूड निघाली तर सगळंच वेगळं. मग जोरदार औषधं देता येणार नाहीत, फुप्फुसं जातील. आणि घरातलं माणूस दाता म्हणून चालणार नाही, त्याच्यातही तोच दोष असू शकतो. टोकं ठीक असतील तर पूर्ण ताकदीनं जाऊ."

फॉर्म मीच भरला. अक्षर माझं चांगलं आहे. अकाली केस पिकतात का? धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्याची बायको शेजारी होती आणि लग्नाला दहा वर्षं होऊनही तिला तो वाडगा माहीत नव्हता. आईकडे जाऊन तो रंगवून यायचा. मी 'नाही' लिहिलं. सवयीनं लिहिलं.

खरं तर भावाचं रक्त मी मोजायला नको होतं, पण मशीन चालवणारी मी एकटीच. त्याच्या नळीशेजारी माझी 'नॉ' ठेवली. दुपारी आकडा आला: माझ्या तुलनेत शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. म्हणजे जवळजवळ माझ्याइतकंच. मी खुर्चीत बसून रडले. मावशींनी पोछा भिंतीला टेकवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलं आहे ना?" "चांगलं आहे, मावशी." सरांनी सही केली. मी आईला फोन केला, ती म्हणाली, "मला माहीत होतं. माझी पोरं धडधाकट आहेत."

आठ दिवस धाकट्याला पूर्ण ताकदीची औषधं दिली. त्याचा जुना मगज मारून टाकायचा, मग माझा पेरायचा. मला कंबरेत भूल देऊन मगज काढला, तो पिशवीतून त्याच्या शिरेत गेला. काचेपलीकडून त्यानं अंगठा दाखवला. केस तर सगळे गळालेच होते. "आता रंगवायची कटकट गेली," तो फोनवर कुजबुजला, आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसलो.

पाचव्या दिवशी मी कामावर गेले. कंबर ठणकत होती, पण घरी बसवत नव्हतं. सर त्रासलेले होते.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "तू नव्हतीस, तुझी एकच कुपी उरली होती. म्हटलं काम अडायला नको, मावशींचं रक्त घेतलं. आधी तुझ्याशी ताडून पाहिलं तर काय यावं? एक पूर्णांक नऊ. एकसष्ट वर्षांची बाई, तुझ्या दुप्पट! काहीतरीच. परत लाव बघू."

मी परत लावलं. एक पूर्णांक नऊ.

सरांना अजून काही कळलं नव्हतं. मला मात्र कळायला लागलं होतं. मी सरांचं रक्त काढलं. ते कुरकुरले, पण दंड पुढे केला. मग फाटकावरचा पहारेकरी. एक्स-रेवाला. कँटीनमधला स्वयंपाकी, जो दिवसाला दोन पाकिटं सिगरेट ओढतो. कुणालाच काही सांगितलं नाही, मशीन तपासतेय म्हटलं. चार वाजता आकडे आले. सगळे माझ्या दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट. सिगरेट ओढणारा स्वयंपाकीसुद्धा. मशीन ठणठणीत होतं. त्या इमारतीत आखूड फक्त मी होते, आणि चौऱ्याण्णव टक्के माझ्याइतका माझा भाऊ.

"एकदम निष्कर्षावर उडी मारू नकोस," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अकरा वर्षांचे रिपोर्ट आहेत. आधी नीट विचार करू. कुठे बोलू नकोस."

"सर, माझा भाऊ तिथे पडलाय."

"म्हणूनच म्हणतोय. आता बोलून त्याचं काय बदलणार आहे?"

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, म्हणूनच मला त्यांचा एवढा राग आला. मी कागद उचलले आणि मधलं अंगण ओलांडून सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी आकडे दोनदा वाचले. "फॉर्मवर तुम्ही 'नाही' लिहिलं होतंत."

"हो."

"तुमचे केस?"

मी मान खाली घातली आणि बोटांनी भांग फाकवून दाखवला. धाकट्याच्या आजारपणात दोन रविवार चुकले होते. बोटभर पांढरं वर आलेलं असणार. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कधीपासून?" मी सगळं सांगितलं, बाबांचं, वाडग्याचं, सगळं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला आणि फुप्फुसाच्या डॉक्टरांना बोलावलं. पण औषधं त्याच्या अंगात आधीच गेली होती, आणि ती काढून घेता येत नाहीत.

धाकट्याला मीच सांगणार, असं मी त्यांना म्हटलं. टोपी, मास्क, हातमोजे घालून आत गेले. त्याला बारीक धाप लागत होती.

"काय नॉर्मलताई," तो म्हणाला, "तुझं बी उगवलं का?"

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता, त्याला समजेल असं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मी धरून चालले होते की तो चेष्टा करेल, मला सांभाळून घेईल. लहानपणापासून तेच करत आला होता.

"तूच मोजत होतीस ना गं?" तो म्हणाला. "तुझंच काम होतं ना ते?"

"हो."

"जा आता."

मी बाहेर आले. कॉरिडॉरमधल्या बाकावर आई बसली होती, मांडीवर त्याच्यासाठी शिवलेली मऊ टोपी. तिला मी तिच्या भाषेत सांगितलं. आपल्या घरात मुळातच माया कमी सोडलेली आहे, बाबांकडून आली, धूळ-बीळ काही नव्हती. दोष तुझ्या शिलाईचा नव्हता. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं ओझं तरी उतरेल. तिनं टोपीची कड चाचपली, आणि म्हणाली, "मग केसांचं कुणाला सांगितलंस का?"

"डॉक्टरांना."

"त्यांनाच ना? आणखी कुणाला नाही ना?" मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. नाही गेले. 'नाही' तर मीच लिहिलं होतं.

माझ्या पेशी त्याच्यात रुजल्या नाहीत. कशा रुजणार? त्यांनाच दुमडायला कड नव्हती. फुप्फुसाचे डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, ऑक्सिजन वाढवून जायचे. चार दिवस धाकट्यानं मला आत येऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी त्यानंच बोलावलं. तोंडावर मोठा मास्क होता, एकेक वाक्य तुटत होतं. त्यानं माझ्या टोपीकडे बोट दाखवलं. मी काढली. तोवर अर्धा भांग पांढरा झाला होता.

"बाबांसारखी दिसतेस," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला, त्यानं धरू दिला.

"चिमणीचं रक्त घे," तो म्हणाला. चिमणी त्याची मुलगी, आठ वर्षांची. "आणि ताई, तुझ्याशी मोजू नकोस."

मगज दिल्यापासून एकतिसाव्या दिवशी दुपारी तो गेला. भावजय खाली चहा आणायला गेली होती, मी होते. त्याच्या भुवया नुकत्याच पुन्हा फुटायला लागल्या होत्या. पांढऱ्या.

पुढच्या सोमवारी मी प्रयोगशाळेत आधी त्याचा रिपोर्ट काढला, 'सामान्य' खोडून 'आखूड' लिहिलं, खाली सही केली. मग अकरा वर्षांच्या फायली टेबलावर आणून ठेवल्या. ज्यांना आम्ही 'सामान्य' म्हणून घरी पाठवलं त्या प्रत्येकाला पत्र जायला हवं होतं. सर दारात उभे राहून बघत होते. दोन दिवस त्यांनी पत्रांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि सह्या करायला लागले. मावशींनी न विचारताच बाही वर केली. मग प्रत्येक वयोगटातल्या वीसजणांचं रक्त गोळा करायला लागलो. आठ वर्षांच्या मुलांचंसुद्धा. एक्स-रेवाल्याच्या जुळ्या पोरी पहिल्या आल्या.

ते सगळं जमल्यावर मी नळी, सुई आणि पट्टा घेऊन आईकडे गेले. भावजय कामावर परतली होती, त्यामुळे चिमणी शाळेतून आजीकडे यायची. रविवार नव्हता, मंगळवार होता. चिमणी स्वयंपाकघरात त्याच स्टुलावर बसून पाय हलवत होती. तिला मी खरं तेच सांगितलं, थोडं दुखेल, मग संपेल.

"बाबाचंपण तूच काढलं होतंस?"

"हो."

"त्याला दुखलं?"

"थोडं."

आई दारात उभी होती. "तिला कशाला?" ती म्हणाली. "तिचे तर काळेभोर आहेत. बघ ना, एवढे दाट केस."

बघितलं. खरंच काळेभोर होते. मी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. चिमणीनं सुई दिसू नये म्हणून मान पलीकडे वळवली आणि वेणी खांद्यावरून घसरली. तिच्या कानामागे, घासून घासून लालसर झालेल्या कातडीवर, नखाएवढा काळा डाग होता.

माझा हात थांबला. आईनं तो डाग पाहिला आणि मी पाहिलेलंही पाहिलं. ती ओट्याला धरून खाली बसली.

"आत्या, शाई सांडली होती," चिमणी घाईघाईनं म्हणाली.

"दोनच होते गं," आई म्हणाली. "शपथ घेते. दोनच केस होते."

मी सुई घातली. नळीत रक्त चढायला लागलं, गडद लाल, कुणाच्याही रक्तासारखं.